आमची बोटं नका मोजू, काम बघा

प्रति,
व्यवस्थापन आणि मनुष्यबळ विभाग

स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तुमचा मेल आला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एक नवं सॉफ्टवेअर बसणार आहे. कीबोर्ड आणि माऊस किती हलतो ते मोजलं जाईल. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो निघेल. पाच मिनिटं हालचाल झाली नाही की माणूस ‘निष्क्रिय’. आठवड्याअखेरीस प्रत्येकाचा एक आकडा मॅनेजरकडे जाईल आणि तो ८० च्या खाली असला तर अर्ध्या दिवसाची रजा कापली जाईल. मेलच्या तळाशी ‘मला मान्य आहे’ असं बटण आहे. त्याच मेलमध्ये घरून काम करताना संतुलन कसं राखावं या विषयावरच्या वेबिनारचं निमंत्रणही आहे. त्याची वेळ आहे शुक्रवारी संध्याकाळी साडेसात.

मी आधी पोर्टलवर प्रश्न विचारले होते. ‘आपली सूचना नोंदवली आहे’ एवढंच उत्तर आलं. दुसऱ्यांदा विचारलं, तर तेही आलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना थोड्याफार फरकाने असेच मेल येऊन गेलेत. कुणा एका कंपनीला दोष देण्यापेक्षा हा विचार कुठे चुकतो ते सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

मी सतरा वर्षं या क्षेत्रात आहे, त्यातली अकरा तुमच्याकडे. अमेरिकेतल्या विमा कंपन्या ज्यावर दावे निकाली काढतात, ती सॉफ्टवेअर आमची टीम तपासते. मी धायरीत राहते. घरात नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. नवरा चाकणला एका कारखान्यात शिफ्टमध्ये असतो.

मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन लागण्याच्या थोडं आधी, आम्ही ऑफिसमधून लॅपटॉप घरी आणले. पंधरा दिवसांत परत येऊ असं वाटत होतं. ते वर्ष मी दिवाणावर मांडी घालून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप घेऊन काढलं. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री ते मिटेपर्यंत काम चालायचं. त्या वर्षी आपली एकही डेडलाइन चुकली नाही आणि वार्षिक सभेत तुम्ही आमचं मनापासून कौतुक केलंत, ते मी विसरलेले नाही. डिसेंबरात माझ्या कमरेतून डाव्या पायात कळ जायला लागली. फिजिओथेरपिस्टने पहिलाच प्रश्न विचारला, “काम करताना बसता कुठे?” मला त्यांना दिवाण सांगायची लाज वाटली.

त्यानंतर मी दिवसाची घडी नव्याने घातली. जुन्या ऑफिस फर्निचरच्या दुकानातून टेबल-खुर्ची आणली. खिडकीचा उजेड डावीकडून येईल असं टेबल लावलं. मानेला त्रास होऊ नये म्हणून लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं ठेवली आणि वेगळा कीबोर्ड घेतला. सकाळी सातला सोसायटीच्या पाच फेऱ्या मारते, तेच माझं ऑफिसला जाणं. साडेनऊचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, तेवढी सोडली तर आठ ते अकरा सगळ्यांत अवघड काम, कारण तेव्हा डोकं ताजं असतं, अमेरिकेतली ऑफिसं बंद असतात आणि मुलगा शाळेत गेलेला असतो. अकराला सासूबाईंबरोबर पंधरा मिनिटं चहा, स्वयंपाकघरात, फोन बाहेर ठेवून. दुपारी जेवण झाल्यावर अहवाल भरणं, मेलना उत्तरं देणं अशी कमी डोक्याची कामं. आणि रात्री काम संपलं की लॅपटॉप बंद करून त्यावर कापड टाकते.

हे कापड माझ्या आईकडून आलं. सांगलीत गावभागात आम्ही राहायचो आणि आई घरी शिवणकाम करायची. पोलकी, परकर, ब्लाऊज, फॉल-पिको. पुढच्या खोलीत दाराशी तिचं मशीन असायचं. दिवेलागणीला ती मशीनवर जुन्या नऊवारीचं धुवट कापड टाकायची. त्यानंतर कोणी ब्लाऊज घ्यायला आलं तरी ती सांगायची, आता मशीन झाकलंय, उद्या या. लग्नसराईत मात्र रात्री जागायची. पण तेव्हा किती दिवस जागायचं तेही तिने आधीच ठरवलेलं असायचं. गिऱ्हाईक बाही बघायचं, काजं बघायचं, माप अंगाला बसतंय का ते बघायचं. पायाखालची पट्टी दिवसात किती वेळा हलली, हे तिला आयुष्यात कुणी विचारलं नाही.

घरून काम करणं आपल्याकडे लॅपटॉपबरोबर आलेलं नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचं काम सुरू केलं. आजही बहिणी पीठ घरी नेतात, पापड लाटतात, दुसऱ्या दिवशी केंद्रावर आणून देतात आणि वजनावर पैसे घेतात. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळत आल्या आहेत. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार मानलं. त्यांच्या वाट्याला न्याय आला असं मी म्हणणार नाही. विडी कामगारांची मजुरी आणि त्यांच्या फुप्फुसांचे आजार यांबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. पण निदान त्यांच्या हातून जे तयार झालं, त्यावर मोजमाप झालं. तुम्ही जे आणताय त्यात काय तयार झालं हा प्रश्नच नाही.

एक प्रसंग सांगते. २०२४ च्या फेब्रुवारीत एका ग्राहकाच्या नव्या आवृत्तीची तपासणी चालू होती. सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या, तरी मला काहीतरी खटकत होतं. मी लॅपटॉपपासून उठले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि कागद-पेन घेऊन खिडकीशी बसले. चाळीस मिनिटं बसले असेन. २९ फेब्रुवारीला सुरू झालेली एका वर्षाची पॉलिसी पुढच्या वर्षी कधी संपणार? २०२५ मध्ये ती तारीखच नाही. उठून प्रणालीत तपासलं. शेवटची तारीख रिकामी राहत होती, आणि तारीख रिकामी म्हणजे पॉलिसी चालू नाही, म्हणजे दावा नामंजूर. त्या दिवशी विमा घेतलेला कुणी आजारी पडला असता तर त्याला हॉस्पिटलच्या काउंटरवर सांगितलं गेलं असतं की तुमचा विमाच नाही. ग्राहकाने आपल्याला आभाराचं पत्र पाठवलं आणि तुम्ही ते सगळ्यांना फॉरवर्ड केलंत. तुमच्या नव्या सॉफ्टवेअरने मला त्या चाळीस मिनिटांसाठी ‘निष्क्रिय’ ठरवलं असतं.

तपासणीचं काम असंच असतं. विचार करणारा माणूस टाइप करत नसतो. ज्या दिवशी माझी बोटं सगळ्यांत जास्त चालतात, तो बहुधा माझा सगळ्यांत कमी उपयोगाचा दिवस असतो, कारण त्या दिवशी मी एक्सेलच्या तक्त्यात जुनी माहिती नव्या रकान्यांत हलवत असते. आणि अकराचा तो चहा, ज्याला आता तीनदा ‘निष्क्रिय’ अशी नोंद मिळेल, त्याच्यावर माझी दुपार चालते. तीन तास खोल लक्ष दिल्यावर माणसाला उठावंच लागतं. न उठता बसण्याचा प्रयोग मी दिवाणावर वर्षभर केलेला आहे.

माझ्या टीममधला एक मुलगा वाईजवळच्या गावी आई-वडिलांकडे राहून काम करतो. हुशार आहे. दोन वर्षांत त्याने शोधलेल्या चुका बघून मी स्वतः त्याच्याकडून शिकले. तुमचा मेल आला त्या रात्री त्याने मला फोन केला आणि म्हणाला, “ताई, काळजी करू नका. माऊस हलवणारं यंत्र हजार रुपयांत मिळतं. नाहीतर काट्याच्या घड्याळावर माऊस ठेवायचा, सेकंदकाटा फिरला की स्क्रीनवरचा बाण हलतो.” त्याने ते करूनही बघितलं होतं. मला फार वाईट वाटलं. तुम्ही अजून एक दिवसही पाळत ठेवलेली नाही, आणि इतक्यातच एका चांगल्या पोराची बुद्धी तुमच्यापासून लपण्यात खर्च व्हायला लागली.

स्क्रीनच्या फोटोंबद्दल एक कामाचा मुद्दा आहे, तो तरी मनावर घ्या. आमच्यासमोर येणारा डेटा बहुतेक वेळा नावं झाकलेला असतो. पण चालू प्रणालीत काही बिघडलं की कधीकधी खरे दावे उघडावे लागतात. त्यात माणसांचे आजार असतात, औषधं असतात. अमेरिकेत रुग्णांच्या माहितीसाठी १९९६ चा हिपा कायदा आहे आणि त्याचं प्रशिक्षण तुम्हीच आम्हाला दर वर्षी देता. त्यात शिकवता की अशा पडद्याचा फोटो काढू नका. आता तोच फोटो दर दहा मिनिटांनी आपोआप निघून तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जाणार. ग्राहकाला हे विचारलंय का?

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. एकाच वेळी दोन नोकऱ्या करणारे सापडले, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून भलतंच करणारे आहेत, हेही खरं. पण असा माणूस दोन आठवड्यांत त्याच्या कामावरून ओळखू येतो. आला नाही, तर त्याच्या मॅनेजरला त्याचं काम माहीतच नाही, आणि ती अडचण सॉफ्टवेअरने सुटणार नाही.

घरून काम केल्याने काम घटतं का, यावर निकोलस ब्लूम या अर्थतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या एका मोठ्या प्रवास कंपनीत नऊ महिने प्रयोग केला. आठवड्याला चार दिवस घरून कॉल घेणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. वाढीतला थोडा भाग घरच्या शांततेमुळे होता, मोठा भाग मात्र लोक कामाला जास्त वेळ देऊ लागले म्हणून होता. पण तुम्ही हा अभ्यास पूर्ण वाचावा असं मला वाटतं, कारण त्यात पुढे असं आहे की प्रयोग संपल्यावर जवळपास निम्म्या लोकांनी ऑफिसला परत जाणं पसंत केलं. घरी एकटं वाटत होतं. त्याच कंपनीत नंतर १,६१२ जणांवर झालेला, आठवड्याला दोन दिवस घरून कामाचा प्रयोग २०२४ मध्ये छापून आला. नोकरी सोडणं एक तृतीयांशाने घटलं आणि कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही. प्रयोगाआधी तिथल्या मॅनेजरांना वाटत होतं की काम घटेल. प्रयोगानंतर त्यांचं मत बदललं. म्हणजे बसवायचंच असेल तर बसवण्यासारखं बरंच काही आहे, आणि ते माणसांच्या वेळापत्रकात बसवायचं आहे.

वेळापत्रकाचंच सांगते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. अमेरिकेतला रोजचा कॉल न्यूयॉर्कच्या सकाळी दहाला असतो. उन्हाळ्यात तो आपल्याकडे साडेसातला येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि तोच कॉल साडेआठला येतो, तो संपायला साडेनऊ. सकाळचा साडेनऊचा स्टँडअप मात्र हलत नाही. म्हणजे हिवाळ्याचे चार महिने आम्ही सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ तुमच्या हाताशी असतो. वेळ वाढवली असं कुणीच कधी ठरवलं नाही. अमेरिकेची घड्याळं बदलली आणि आमचं रात्रीचं जेवण पुढे गेलं. मुलाला गणित सांगायची माझी वेळ साडेआठ ते साडेनऊ होती. गेल्या हिवाळ्यात त्याने सांगितलं, “आई, राहू दे, मी व्हिडिओ बघून करतो.”

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा लिहिली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर न्यायला मंजुरी दिली. मला ते आवडलेलं नाही, पण ते दहा तास तरी मोजा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असंच खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झालेला नाही. पण चांगलं वागायला कंपनीला कायद्याची वाट बघावी लागत नाही.

पाच मिनिटांचा नियम सगळ्यांवर सारखा पडणार नाही, हेही बघा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं, पुरुषांचा ९७ मिनिटं. बेल वाजली, सासूबाईंची गोळी द्यायची झाली, गॅसवाला आला, की उठतं कोण? आमच्या टीममधली एकजण बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेनंतर परत येते आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात अशा आईला, कामाचं स्वरूप तसं असेल तर, परस्पर संमतीने घरून काम देण्याची तरतूद आली. तिने बाळाला पाजायला घेतलं की तुमचं यंत्र तिला वीस मिनिटं निष्क्रिय म्हणणार. हा नियम लिहिणाऱ्या व्यक्तीने ही बाई डोळ्यांसमोर आणली होती का, एवढं मला कळवा.

खर्चाचं थोडक्यात लिहिते. खुर्ची, टेबल, इंटरनेटची दुसरी जोडणी आणि इन्व्हर्टर माझ्या पगारातून आलं. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा बॅटरीवर काम चालतं. तुम्ही याच काळात ऑफिसचे दोन मजले सोडलेत. ती बचत कुठे गेली ते मी विचारत नाही, पण त्यातला थोडा वाटा खुर्चीपर्यंत यावा.

आणि जे घरून होत नाही, ते मी कबूल करते. नव्या मुलांचं शिकणं होत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या मॅडम फोनवर ग्राहकाला नाही कसं म्हणतात, हे ऐकून ऐकून मी शिकले. गेल्या वर्षी आलेल्या दोन मुलांनी माझा चेहरा चार महिन्यांनी प्रत्यक्ष पाहिला. प्रश्न विचारायला ते घाबरतात, कारण मेसेज लिहून विचारलेला प्रश्न कायमचा लिहिलेला राहतो. त्यांच्यासाठी मी आठवड्यातून दोन दिवस धायरीहून हिंजवडीपर्यंतची ती दीड तासाची वाट आनंदाने तुडवीन. फक्त तिथे पोचल्यावर हेडफोन लावून दिवसभर कॉलवर बसायला लावू नका. ते दोन दिवस शेजारी बसून काम करायला द्या.

माझ्या मागण्या या आहेत.

१. बोटांची हालचाल मोजणं, स्क्रीनचे फोटो आणि त्यावरून रजा कापणं, हे तिन्ही मागे घ्या. कंपनीचा लॅपटॉप सुरक्षित ठेवण्यासाठी जे लागतं त्याला आमची हरकत नाही.

२. मूल्यमापन कामावर करा. सापडलेल्या चुका, सुटलेल्या चुका, वेळेत पोचलेलं काम, इतरांना केलेली मदत. निकष टीमबरोबर बसून ठरवा.

३. रात्रीचा कॉल कितीही लांबला तरी तो संपल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या मीटिंगपर्यंत किमान ११ तास जाऊ द्या. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेच्या नियमांत रोजची सलग विश्रांती एवढीच धरली आहे. हिवाळा आणि उन्हाळा असं वेगळं वेळापत्रक आधी जाहीर करा आणि रात्रीचा कॉल टीममध्ये पाळीने वाटून द्या.

४. रोज सकाळचे दोन तास मीटिंगशिवाय मोकळे ठेवा. सगळ्यांत महत्त्वाचं काम तेव्हाच होतं, आणि यासाठी तुम्हाला एक रुपयाही लागणार नाही.

५. खुर्ची, टेबल आणि इंटरनेटसाठी ठरावीक भत्ता द्या.

६. असे निर्णय घेण्याआधी घरून काम करणाऱ्यांपैकी चार माणसांना खोलीत बसवा. त्यात एक नुकती रजेवरून आलेली आई असू द्या आणि एक पहिल्या वर्षातला मुलगा.

वेबिनारही ठेवा, पण तो कामाच्या वेळेत. त्यात आम्हाला श्वासोच्छ्वास शिकवण्याआधी मॅनेजरांना साडेसातनंतर मेल न पाठवण्याचं शिकवा. तुमच्या ठरवण्याने मोकळी होणारी संध्याकाळ मला कुठल्याही व्यायामाने मिळणार नाही.

मला ही नोकरी सोडायची नाही. हे काम मला आवडतं आणि ते मी घरून जास्त चांगलं करते, हे तुमच्याच फाइलीतल्या माझ्या पाच वर्षांच्या नोंदींवरून दिसेल. त्या काढून बघा. या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत लेखी उत्तर द्यावं, ही विनंती. माझ्याबरोबर आणखी एकतीस जणांनी हे पत्र वाचून होकार दिला आहे. आमच्यापैकी कुणीही अजून ‘मला मान्य आहे’ हे बटण दाबलेलं नाही.

आपली विश्वासू,
एक टेस्ट लीड
धायरी, पुणे